भिंत आधी, टीव्ही नंतर

टीव्ही घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न निघतो ‘किती इंची?’ आणि दुसरा ‘फोर-के आहे ना?’ या दोन प्रश्नांवर लाखो घरांत टीव्ही येतात. आमच्या घरी हा विषय निघाला तेव्हा मात्र समोर अशी दोन माणसं बसली होती, ज्यांची रोजीरोटीच पडद्यावर चालते. एक माझा धाकटा भाऊ. साताऱ्यात त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, पार डबा टीव्हीच्या काळापासूनचं. दुसरी माझी लेक. ती मुंबईत कलरिस्ट आहे, म्हणजे चित्रपटाचं चित्रीकरण झाल्यावर प्रत्येक दृश्यातला उजेड, सावली आणि माणसांच्या कातडीचा रंग ठरवण्याचं काम करते. भावाने टीव्ही आयुष्यभर मागून उघडून पाहिले, लेकीने समोर बसून. दोघांचं एका वाक्यावरही एकमत होईना. पण त्या वादात जेवढी माहिती निघाली तेवढी मला कुठल्याच दुकानात मिळाली नसती, म्हणून तो इथे मांडते आहे.

भाऊ : ताई, आधी मला सांग, हा टीव्ही गेलाय असं तुला कुणी सांगितलं?

मी : आवाज येतो, चित्र येत नाही. चित्रच नाही म्हटल्यावर टीव्ही गेलाच की.

भाऊ : दिवे घालव. आता मोबाईलची बॅटरी लाव आणि पडद्याला चिकटवून तिरकी धर. काय दिसतंय?

मी : बातम्या देणारी बाई दिसतेय. पुसट आहे, पण हलतेय.

भाऊ : म्हणजे पॅनेल शाबूत आहे. मागच्या एलईडीच्या पट्ट्या गेल्यात. माझ्याकडे येणाऱ्या टीव्हींत हाच आजार जास्त. लोक ‘डिस्प्ले गेला’ म्हणतात आणि भंगारात देतात. पट्ट्या बदलल्या की हा ३२ इंची अजून चालेल. मग नवा घ्यायचाच कशाला?

लेक : मामा, पट्ट्या बदलून दे, टीव्ही गावाकडच्या घरी लाव. हॉलमध्ये आता नवाच येऊ दे. ३२ इंचांच्या वरच्या टीव्हीवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला. ३२ वर अडून राहायचं ते एक कारणही गेलं. मला इथे ५५ इंची ओएलईडी हवाय.

भाऊ : ओएलईडी? ह्या घरात? अगं, तुझी आजी सकाळी दहाला बातम्या लावते ते दुपारी जेवायलाच उठते. वाहिनीचं चिन्ह वरच्या कोपऱ्यात, खाली सरकती पट्टी, आणि ते सगळं रोज त्याच जागेवर. ओएलईडीत ठिपके स्वतःच पेटतात, आणि जास्त पेटलेला ठिपका लवकर थकतो. काही वर्षांनी सिनेमा लावशील तेव्हाही त्या कोपऱ्यात वाहिनीच्या चिन्हाचा डाग दिसेल. त्याला दुरुस्ती नाही. पट्टी बदलता येते, ओएलईडीचं पॅनेल बदलायचं म्हणजे नवा टीव्ही घेतल्यासारखंच.

लेक : मग आजीला तिच्या खोलीत हा जुना ३२ इंची लावून दे.

सासूबाई आतून ऐकत होत्या. त्यांनी तिथूनच सांगून टाकलं, “मला खोलीत एकटीला टीव्ही नको.” बातम्या त्यांना हॉलमध्ये हव्या असतात, कारण हॉलमध्ये माणसं येत-जात असतात. ही गोष्ट टीव्हीच्या कुठल्याच माहितीपत्रकात नसते, पण ओएलईडीचा प्रश्न आमच्यापुरता तिनेच सोडवला. ज्या घरात रात्री दिवे मालवून सिनेमेच बघतात, तिथे उत्तर वेगळं येईल आणि यायलाही हवं.

लेक : ठीक आहे, पण मला काळा रंग हवा. त्यावर मी मागे हटणार नाही.

भाऊ : काळा रंग कुठल्या टीव्हीत नसतो?

लेक : बहुतेकांत नसतो, मामा. ज्याला आपण एलईडी टीव्ही म्हणतो तो मुळात एलसीडीच. मागे कायम पेटलेला उजेड आणि पुढे तो अडवणाऱ्या बारीक झडपा. झडप कितीही मिटली तरी थोडा उजेड झिरपतोच. म्हणून अंधारातलं दृश्य राखाडी दिसतं. ‘तुंबाड’ आठव. सगळा पाऊस, कंदील, गर्भगृहातला तो लालसर अंधार. अंधार हेच त्या चित्रपटाचं अर्धं काम आहे. ते राखाडी धुक्यात बघायचं? २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा ‘द लाँग नाइट’ हा भाग आला तेव्हा जगभरातल्या प्रेक्षकांनी तक्रार केली की युद्धात काही दिसतच नाही. चित्रण मुद्दाम अंधारातलं होतंच, पण घरोघरच्या पडद्यांना तो अंधार पेलला नाही हेही तितकंच खरं.

भाऊ : बातम्यांत आणि क्रिकेटमध्ये कुठे असतो तुझा अंधार? तुझे बाबा दुपारी मॅच बघतात, पश्चिमेची खिडकी सताड उघडी. तिथे उजेड लागतो, काळोख नाही.

लेक : म्हणूनच मधला रस्ता आहे. मागचे दिवे एकगठ्ठा न पेटवता त्यांचे विभाग करायचे. चित्रात जिथे काळं आहे तिथले दिवे मंद, जिथे उजेड आहे तिथले प्रखर. याला लोकल डिमिंग म्हणतात. दिवे अगदी लहान आणि विभाग शेकड्यांनी असले की तो मिनी-एलईडी. दिवसा झगझगीत, रात्री बऱ्यापैकी काळा, आणि आजीच्या बातम्यांचा डाग पडायची भीती नाही.

भाऊ : आणि पट्ट्या?

लेक : त्या तू बदलशील.

भाऊ : सगळ्या तशा बदलता येत नाहीत, पण चल. मग ते क्यूएलईडी म्हणून लिहिलेलं असतं ते काय? गिऱ्हाईक मला विचारतं की हा ओएलईडीचाच भाऊ का.

लेक : नावातच सारखेपणा, बाकी काही नाही. क्यूएलईडी म्हणजे एलसीडीच, त्यात मागच्या निळ्या उजेडापुढे क्वांटम डॉटचा थर. रंग जास्त भरतात, काळ्याला त्याचा उपयोग नाही. खोक्यावर क्यूएलईडी दिसलं तरी लोकल डिमिंग आहे की नाही हे वेगळं विचारायचंच.

इथपर्यंत वाद पॅनेलचा होता. तो इंचांवर आला आणि दोघेही पेटले.

भाऊ : ४३ च्या वर जायचं कारण नाही. मोठा पडदा, मोठे दोष. घराघरांत काय लावलेलं असतं ते मी बघतो ना. साधी वाहिनी ५७६ ओळींची असते. १९८२ मध्ये एशियाडच्या वेळी रंग आला तेव्हाही चित्राच्या ओळी तेवढ्याच होत्या. फोर-के पडद्यावर ठिपके किती?

लेक : ३८४० गुणिले २१६०. सुमारे ८३ लाख.

भाऊ : आणि साध्या वाहिनीत आडवे ७२०, उभे ५७६. सुमारे चार लाख. म्हणजे वीसातला एक ठिपका बाहेरून येतो, उरलेले एकोणीस टीव्ही अंदाजाने भरतो. तुम्ही ८३ लाख ठिपक्यांचे पैसे मोजता आणि बघता चार लाखांचं चित्र. मग ते कापसासारखं दिसतं आणि मला फोन येतो, ‘नवा टीव्ही खराब निघाला’.

लेक : हे तू माझ्याच बाजूचं बोललास. एकोणीस ठिपके अंदाजाने भरायचे असतील तर अंदाज करणारा शहाणा नको का? तेच तर प्रोसेसरचं काम. स्वस्त टीव्हीत तेच सगळ्यात हलकं असतं. एचडी वाहिनीसुद्धा आपल्याकडे १०८०-आय येते, म्हणजे सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं, एकाआड एक ओळींची. ती जुळवून पूर्ण चित्र करायचं काम टीव्हीचं. हलक्या टीव्हीत धावणाऱ्या फलंदाजाच्या बॅटची कड करवतीसारखी दिसते, ती म्हणूनच. सिग्नल वाईट म्हणून टीव्ही स्वस्त घ्यायचा, हा हिशेब उलटा आहे.

भाऊ जरा वेळ गप्प राहिला. तो सहजासहजी गप्प होत नाही.

भाऊ : बरं, ते मान्य. पण आधी सिग्नल तरी सुधारा. किती घरांत मी जातो, भिंतीवर पन्नास इंची फोर-के आणि सेट-टॉप बॉक्सपासून टीव्हीपर्यंत लाल-पिवळी-पांढरी वायर! त्या वायरीतून एचडी जाऊच शकत नाही. बॉक्स एचडीचा, दरमहा पैसे एचडी वाहिन्यांचे, आणि चित्र साधंच. कुठे एचडीएमआय वायर असते, पण बॉक्सच्या सेटिंगमध्ये ५७६ ठेवलेलं. कुठे सगळं नीट असतं आणि माणूस सवयीने साध्याच वाहिनीचा नंबर दाबतो. झी मराठी एचडी, स्टार प्रवाह एचडी वेगळ्या नंबरावर असतात हे ठाऊकच नसतं.

लेक : आणि चौकोनी जुनं चित्र ओढून पडदा भरतात. नायिकेचं तोंड पसरट.

भाऊ : हां, ते तर घरोघरी. काळ्या पट्ट्या दिसल्या की लोकांना वाटतं जागा फुकट गेली.

एवढ्यात माझे यजमान टेप घेऊन आले. कुणी सांगितलं नव्हतं, पण ‘किती इंची’चं भांडण टेपशिवाय मिटणार नाही हे त्यांनी ओळखलं असावं. सोफ्यावर बसणाऱ्याच्या डोळ्यांपासून शोकेसपर्यंतचं अंतर निघालं ११ फूट.

लेक : आता ऐका. एचडी हे प्रकरण जपानच्या एनएचकेने उभं केलं. त्यांचं संशोधन १९६४ मध्ये सुरू झालं, पुढे ताकाशी फुजिओ यांच्या नेतृत्वाखाली ते वाढलं. त्यांनी ‘किती ओळी?’ हा प्रश्न आधी विचारलाच नाही. माणूस किती अंतरावरून पडदा बघतो आणि केवढा पडदा बघताना तो दृश्यात शिरतो, हे आधी तपासलं. त्यातून ठरलं की पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर बसायचं. तिथून पडदा नजरेचे सुमारे ३० अंश व्यापतो, आणि तेवढ्या अंतरावरून ओळी सुट्या दिसू नयेत इतक्याच ओळी ठेवायच्या. अंतर आधी आलं, ओळी मागाहून.

भाऊ : आणि फोर-के?

लेक : तिथे हिशेब उंचीच्या दीडपट अंतराचा. ५५ इंची टीव्हीची उंची साधारण २७ इंच. फुल एचडीचं नेमकं अंतर ८१ इंच, म्हणजे पावणेसात फूट. फोर-केचं साडेतीन फुटांच्या आत.

भाऊ : साडेतीन फुटांवर बसून कोण टीव्ही बघतं?

लेक : कुणीच नाही. म्हणून मी स्वतः सांगते, फोर-के हा आकडा बघून टीव्ही घेऊ नका. ११ फुटांवरून ५५ इंची पडद्यावर फुल एचडी आणि फोर-के यांतला बारकाव्याचा फरक निरोगी डोळ्यालाही कळायचा नाही. मोठ्या आकारात आता फुल एचडी मिळतच नाही जवळजवळ, म्हणून फोर-के घरात येतोच. पण त्यासाठी जास्तीचा पैसा टाकू नका. तो पैसा काळ्या रंगाला द्या, उजेडाला द्या.

भाऊ : बघ ताई, आता ही माझं बोलायला लागली!

लेक : नाही मामा, तू त्याच्यावरून म्हणतोस लहान घ्या. मी म्हणते मोठा घ्या. ११ फुटांवरून तुझा ४३ इंची १६ अंशांतच मावतो. पोस्टकार्डावर सिनेमा बघण्यासारखं आहे ते. माझा ५५ इंचीसुद्धा २० अंशांच्या जेमतेम पुढे जातो. खरं तर इथे ७५ लागेल.

भाऊ : ७५! शोकेसचा खण ४० इंच रुंद आहे. त्यात ४३ इंची कसाबसा बसतो.

इथे मला बोलावं लागलं. तोवर दोघांनी पिक्सेल मोजले होते, अंश मोजले होते, पण या घरात टीव्ही कोण कुठून बघतं हे कुणी विचारलं नव्हतं. संध्याकाळच्या मालिका मी सोफ्यावर बसून बघत नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, पोळ्या करता करता बघते. ते दार दक्षिणेच्या भिंतीत, शोकेस पूर्वेच्या भिंतीला. दारातून पडदा अगदी कडेने दिसतो, इतक्या कडेने की जुन्या टीव्हीवर गोऱ्या माणसाचं तोंड मला करडं दिसायचं. महाराष्ट्रातल्या किती घरांत घरची बाई अशीच तिरकी उभी राहून टीव्ही बघते! आणि टीव्हीची निवड होते ती सोफ्यावरून. मी हे म्हटल्यावर दोघेही माझ्याकडे बघायला लागले.

लेक : आई, हा व्हीए पॅनेलचा प्रश्न आहे. एलसीडीत मुख्य जाती दोन. व्हीएमध्ये काळा जास्त गडद, पण बाजूने बघितलं की रंग उतरतात. आयपीएसमध्ये बाजूने चित्र टिकतं, पण काळा फिकट. मी मागते आहे तो व्हीए.

भाऊ : आणि मी सांगतोय तो आयपीएस. घरात माणसं चहूकडे बसतात. एक भिंतीला टेकून, एक खाटेवर, एक दारात.

लेक : कुठला टीव्ही कुठल्या जातीचा हे खोक्यावर लिहीत नाहीत. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या इंचांतही जात बदलते. दुकानात पडद्यासमोरून बाजूला चालत जायचं आणि माणसांच्या चेहऱ्याकडे बघायचं, चेहरा धुतल्यासारखा फिका पडला तर व्हीए.

मी : पण टीव्ही त्या भिंतीला का आहे?

कुणालाच उत्तर देता आलं नाही. भावाने डोकं खाजवलं. त्यानेच पंचवीसेक वर्षांपूर्वी केबलची वायर त्या कोपऱ्यातून आत घेतली होती, वायर जिथे आली तिथे टीव्ही आला, टीव्हीभोवती शोकेस झाली आणि शोकेससमोर सोफा गेला. सगळा हॉल एका वायरीच्या भोकाभोवती मांडला गेला होता. मी म्हटलं, टीव्ही उत्तरेच्या भिंतीवर लावला तर? स्वयंपाकघराचं दार बरोबर समोर येतं. सोफा दक्षिणेच्या भिंतीला, दाराशेजारी. पश्चिमेची खिडकी पडद्यासमोर न राहता बाजूला जाते, दुपारी खिडकीचं प्रतिबिंब पडद्यात पडायचं थांबतं.

यजमानांनी पुन्हा टेप धरली. हॉल या बाजूने १० फूट. सोफ्यावरच्या डोळ्यांपासून समोरची भिंत ८ फूट.

लेकीने फोनवर हिशेब केला आणि पुन्हा केला. ८ फुटांवरून ४३ इंची पडदा २२ अंश व्यापतो. म्हणजे जुन्या जागी ११ फुटांवर लावलेल्या ५५ इंचीपेक्षा थोडा मोठाच दिसतो. भिंत बदलली की बारा इंच फुकट मिळतात.

भाऊ : बघ, मी म्हणत होतो ना ४३ पुरे!

लेक : तू भिंत बदलायचं म्हणत नव्हतास. आणि आता ५० घेतला तर २५-२६ अंश मिळतात. सिनेमाला आणखी हवे असतात, पण तुझी साधी वाहिनी फार फाटणार नाही आणि माझा सिनेमा पोस्टकार्ड राहणार नाही. आई समोरून बघणार असेल तर व्हीएलाही अडचण नाही.

५० वर दोघांनी हात टेकले. मनापासून नाही. भाऊ आजही म्हणतो ४३ पुरला असता, लेक म्हणते ५५ हवाच होता. मला विचाराल तर दोघांचंही ५० वर येणं बरोबर होतं, कारण हा टीव्ही दोघांपैकी एकाच्याही घरात लागणार नव्हता.

उरलेले मुद्दे पटापट निघाले. इंटरनेटचा वेग : नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस मागतं आणि तासाला ७ जीबीपर्यंत डेटा खर्च होऊ शकतो, आणि फोर-के मिळतं तेही सगळ्यात महागडा प्लॅन असेल तरच. आमचा प्लॅन तो नाही, तेव्हा तो विषय संपला. स्मार्ट टीव्हीची बुद्धी : भावाचं ठाम मत की पॅनेल दहा वर्षं चालतं आणि आतलं सॉफ्टवेअर चार वर्षांत दमतं, अ‍ॅप उघडेनाशी झाली की टीव्ही बदलू नका, एचडीएमआयमध्ये एक स्टिक लावा. लेकीला हे शंभर टक्के पटलं. तिने आणखी एक सांगितलं : तुम्ही काय बघता याची नोंद अनेक स्मार्ट टीव्ही पाठवत असतात. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीला याच कारणासाठी २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरावे लागले. टीव्ही लावताना ज्या अटींवर आपण डोळे मिटून ‘मान्य’ दाबतो, त्यांतच हे बंद करायचा पर्याय असतो.

आवाजावर मात्र थांबायला हवं. सासूबाईंना चित्रातलं अर्धं कळतं, बोलणं कळत नाही, मग आवाज वाढतो, मग शेजारी दार वाजवतात. टीव्ही जसे पातळ झाले तसे त्यांचे स्पीकर लहान झाले आणि त्यांचं तोंड जमिनीकडे किंवा भिंतीकडे गेलं. बोलणारी माणसं पडद्यावर समोर आणि त्यांचे शब्द मात्र भिंतीवर आपटून येतात. भाऊ म्हणाला, ५० आणि ५५ मधल्या फरकाचा साउंडबार घ्या, एआरसी लिहिलेल्या एचडीएमआयला लावा आणि संवाद स्पष्ट करणारा मोड चालू करा. या एका गोष्टीवर लेक त्याच्या आधी ‘हो’ म्हणाली. ज्या घरात साठीच्या पुढचं कुणी आहे, तिथे आवाजाला चित्राच्या बरोबरीचा मान मिळायला हवा असं माझंही मत झालं आहे.

मग दुकान. तिथे भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर फुलं, पोपट आणि परदेशातली शहरं. लेकीने विक्रेत्या मुलाला विनंती केली की हा व्हिविड मोड काढून सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लाव. त्याने लावला. क्षणात तो टीव्ही शेजारच्यांपुढे पिवळट आणि मलूल वाटायला लागला.

भाऊ : हे बघ, हा घेणार तू?

लेक : दोन मिनिटं याच्याकडेच बघ, दुसरीकडे नको. आता सांग, या बाईची कातडी कशी दिसते?

भाऊ : ...बाईसारखी.

लेक : आम्ही काम करतो तो पांढरा रंग ६५०० केल्विनच्या आसपासचा असतो. दुकानातला मोड निळसर करून ठेवतात, कारण निळसर पांढरा डोळ्याला जास्त उजळ वाटतो. घरी नेऊन तो तसाच चालू राहतो, वर्षानुवर्षं. आणि हे बघ, मोशन स्मूदिंग. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा. टीव्ही मधली चित्रं स्वतः तयार करून घुसडतो. मग सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. टॉम क्रूझने २०१८ मध्ये खास व्हिडिओ करून लोकांना सांगितलं की हे बंद करा. चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ घे. रात्रीच्या रिकाम्या मुंबईत त्यातला नायक मोटारसायकलवर जातो, संथ गतीत, कानात गुरूंच्या गुरूंचा आवाज. त्या संथपणात टीव्हीने स्वतःची चित्रं घुसडली तर उरलं काय?

भाऊ : क्रिकेटला बरं दिसतं ते.

लेक : क्रिकेटला ठेव. सिनेमाला बंद कर.

भाऊ : आणि मागचा उजेड शंभरवर ठेवू नकोस. रात्री साठ-सत्तर पुरतो. पट्ट्या तापतात, तापल्या की जातात. सेटिंग न बघता शंभरवर वापरलेले टीव्हीच माझ्या टेबलावर जास्त येतात.

एक माणूस चित्रासाठी तेच सांगत होता, दुसरा पट्ट्यांसाठी. सेटिंग एकच. टीव्ही घेतल्यानंतरची ही दहा मिनिटं कितीतरी घरांत कुणी देत नाही, आणि माझ्या मते इंच ठरवण्याइतकीच ती मोलाची आहेत.

आम्ही घेतला तो ५० इंची, लोकल डिमिंग असलेला, उत्तरेच्या भिंतीवर, पडद्याचा मध्य सोफ्यावर बसलेल्याच्या डोळ्यांच्या किंचित वर. शोकेसच्या डोक्यावर टीव्ही टांगून मान वर करून बघायची पद्धत भावाने जागच्या जागी मोडून काढली. खोकं घरी उघडलं ते पोचवायला आलेल्या माणसासमोर, आणि पडदा पूर्ण पांढरा, मग पूर्ण काळा करून एकही ठिपका मेलेला नाही याची खात्री केल्यावरच सही दिली. पॅनेलला घरात तडा गेला तर वॉरंटी त्याला लागू होत नाही, म्हणून ही खात्री त्या माणसाच्या देखतच व्हायला हवी.

तुम्हीही नवा टीव्ही घ्यायच्या विचारात असाल तर दुकानात जाण्याआधी घरातल्या टीव्हीच्या मागे एकदा डोकावून बघा. सेट-टॉप बॉक्स एचडी असेल आणि तिथे लाल, पिवळी, पांढरी वायर दिसली, तर ती काढून एचडीएमआय लावा, बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८० निवडा आणि महिनाभर एचडी वाहिन्याच बघा. त्यानंतरही नवा टीव्ही हवासा वाटला, तर टेप काढा आणि बसायच्या जागेपासून भिंतीपर्यंत मोजा. घरातल्या प्रत्येकाच्या जागेपासून मोजा, स्वयंपाकघराच्या दारापासूनसुद्धा.